कालनिर नावाडी

ब्रह्मदेवाची एक मोठी सोय होती. त्याने सृष्टी रचली तेव्हा समोर बसून भडंग खात ‘पण ही नदी इकडून कशी काय वाहते?’ असं विचारायला कोणी नव्हतं. माझ्या घरी शनिवारी संध्याकाळी असे चार जण असतात. एक माझा भाचा, इंजिनिअरिंगला आहे. दुसरी त्याच्या वर्गातली मैत्रीण. तिच्यापुढे कुठलंही विधान केलं की तिची मान आपोआप तिरकी होते. तिसऱ्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या फिजिओथेरपिस्ट बाई. आणि चौथे रावसाहेब, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले. ते स्वतःचं पेन स्वतः घेऊन येतात आणि जाताना ते खिशात आहे ना हे चाचपून पाहतात. या चौघांसाठी मी एक जग तयार केलं आहे. ते चौघं दर आठवड्याला येऊन त्याची तपासणी करतात.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स, खेळणाऱ्यांच्या तोंडी डी अँड डी. यात पट नसला तरी चालतो, शेवटी कोणी जिंकत नाही आणि एकच डाव वर्षानुवर्षं चालू शकतो. त्या लांबलचक डावाला कॅम्पेन म्हणतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. रावसाहेब आमच्यात भुरट्या चोराची भूमिका करतात आणि सरकारी नोकरीत जन्मात जे केलं नाही ते सगळं इथे फार मन लावून करतात. ‘मी हळूच दार ढकलतो,’ असं ते म्हणाले की दार कुरकुरलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. दारापलीकडे काय आहे ते मात्र डीएमने ठरवायचं. डीएम म्हणजे डंजन मास्टर. निवेदक तोच, पंच तोच, हवामान खातं तोच, आणि राजे, राक्षस, खानावळवाले आणि त्यांची कुत्री या सगळ्यांचे आवाजही त्यानेच काढायचे. आमच्याकडे हे खातं माझ्याकडे आहे.

डीएमने खेळाआधी काय तयारी करावी याबद्दल नियमांच्या पुस्तकांत बरंच काही सांगितलेलं आहे. आधी चार हजार वर्षांचा इतिहास लिहून काढा, अशी सक्ती कुठेही नाही. तरी तो लिहिला जातो. या व्यसनाला वर्ल्डबिल्डिंग म्हणतात, आणि इतर व्यसनांसारखंच तेही रात्री घरचे झोपल्यावर जोर धरतं. माझ्या वहीत तीन राजघराणी आहेत, एक उल्कापात आहे, दोन पंचांगं आहेत आणि त्या दोन पंचांगांतला अधिक महिना नेमका कोणता, यावरून झालेलं एक घनघोर युद्ध आहे. या युद्धाचा मला फार अभिमान आहे. ते कोणाच्या कानावर घालायची संधी मात्र बरेच दिवस मिळत नव्हती.

वहीच्या आधी येतो नकाशा. नकाशा काढणाऱ्या नवशिक्याला ओळखायची खूण म्हणजे त्याची नदी. ती डोंगरातून निघते, मैदानात आल्यावर दोन फाटे फोडते आणि दोन वेगवेगळ्या समुद्रांना जाऊन मिळते. खऱ्या नद्या असल्या भानगडीत सहसा पडत नाहीत. पाणी उताराने जातं, वाटेत ओढे-नाले येऊन मिळत जातात. फाटे फुटायचेच तर ते मुखाशी, गाळाच्या सपाटीवर. हे एकदा कळलं की माणूस आपल्या नकाशाकडे फार कडक नजरेने पाहू लागतो आणि मग त्याला खऱ्या नकाशांचाही संशय येतो.

उदाहरणार्थ, आपली कृष्णा. ती उगम पावते महाबळेश्वरला. तिथून अरबी समुद्र सुमारे 64 किलोमीटर. बाई त्याच्याकडे पाठ फिरवतात आणि 1,400 किलोमीटरचा प्रवास करून थेट बंगालच्या उपसागराला जाऊन मिळतात. ही नदी मी माझ्या नकाशात काढली असती तर भाच्याने ‘मामा, लॉजिक?’ एवढंच विचारलं असतं आणि मला अख्खा सह्याद्री समजावून सांगावा लागला असता: पश्चिमेला तुटलेला कडा, पूर्वेला कलत गेलेलं पठार, त्यामुळे घाटमाथ्यावर पडलेलं पाणी जवळचं सोडून लांबचं घर गाठतं. शिवाय त्याच डोंगराने ढग अडवल्यामुळे महाबळेश्वरला पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात टँकरची वाट पाहतात. कल्पित जगात एवढी तफावत एका जिल्ह्यात घातली तर तो लेखकाचा आळस ठरतो. साताऱ्यात तो भूगोल ठरतो. देवाला लॉजिक विचारायची पद्धत नाही, डीएमला आहे.

अशा वेळी मी धीर यावा म्हणून या खेळाच्या जन्माची हकीकत आठवतो. तिच्यातल्या कोणाकडेच अशी वही नव्हती.

1969 साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने एक डाव मांडला. टेबलावर शिशाचे सैनिक ठेवून नेपोलियनच्या काळातल्या लढाया खेळायचा छंद असलेली ही मंडळी. वेस्लीने त्यात थोडा बदल केला. ब्राउनस्टाइन नावाचं एक कल्पित जर्मन गाव घेतलं आणि प्रत्येकाला फौजेऐवजी एकेक माणूस दिला. कोणी नगराध्यक्ष, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. लढाई सुरू व्हायच्या आधीच खेळाडू पांगले. एकेक जण त्याला बाजूला घेऊन ‘मी असं असं केलं तर?’ असं विचारू लागला. दोघांनी तर परस्पर द्वंद्वयुद्ध पुकारलं, ज्याचे नियम वेस्लीने केलेलेच नव्हते. डाव पार फसला अशा समजुतीने तो घरी गेला. खेळाडू मात्र पुढचा डाव कधी, म्हणून मागे लागले.

त्या खेळाडूंत डेव्ह आर्नसन होता. 1971 साली त्याने आपल्या घरी प्लॅस्टिकच्या एका किल्ल्याचं मॉडेल टेबलावर मांडलं आणि त्याच्याखाली तळघरं आहेत असं जाहीर केलं. या जगाचं नाव ब्लॅकमूर. किल्ला दुकानातला, तळघरं कागदावर, आणि बाकीचा देश खेळाडू जसजसे किल्ल्याबाहेर पडले तसतसा वाढत गेला. आपल्याकडे दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या कुठल्याही पोराला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही. तिथेही दरवाज्यापेक्षा मावळा उंच असतो, अळिवाच्या रानात हत्तीएवढा वाघ बसलेला असतो, पायथ्याशी एस.टी. उभी असते, आणि त्यात कोणाला काही खटकत नाही. मग शेजारचे काका येतात, हात मागे बांधून उभे राहतात आणि विचारतात, “छान आहे रे. पण गडावर पाणी कुठून आणता?” त्या रात्री गडावर टाकं खोदलं जातं. दुसऱ्या दिवशी कोणी विचारतं, टाकं आटलं तर? की लगेच पायथ्याला विहीर, विहिरीला रहाट, आणि रहाटाशी गवळण. गावाची योजना कोणीच केलेली नसते. ते विचारपूस करणाऱ्यांनी वसवलेलं असतं.

1972 च्या नोव्हेंबरात आर्नसन आपला ब्लॅकमूर घेऊन विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावी गेला. तिथे गॅरी गायगॅक्स राहत होता. हा गृहस्थ शिकागोतल्या एका विमा कंपनीत जोखमीचा हिशेब करायचा. 1970 साली नोकरी गेली तेव्हापासून घराच्या तळघरात बसून लोकांचे जोडे दुरुस्त करत होता. एका रात्रीत त्याला या खेळाची लागण झाली. त्यानेही एक पडका वाडा कल्पिला, ग्रेहॉक नावाचा. त्याच्याखाली मजल्यावर मजले खोदले आणि पहिल्या डावाला आपल्याच दोन मुलांना बसवलं, एर्नी आणि एलीज. मुलांनी पहिले राक्षस मारले, पहिली पेटी उघडली आणि आत निघाली तांब्याची 3,000 नाणी. ती इतकी जड होती की उचलता येईनात. मुलं हिरमुसली.

मला या खेळाच्या इतिहासातला हा सर्वांत थोर क्षण वाटतो. ड्रॅगनशी लढायला निघालेल्या पोरांसमोर जगाने पहिली अडचण टाकली ती हमालीची. पुढे महिन्याभरात गायगॅक्सला ग्रेहॉक शहर वसवावं लागलं. कारण साधं होतं. लूट कुठेतरी विकायला हवी, आणि दमल्यावर कुठेतरी झोपायला हवं. शहराभोवतीचा देश हवा झाला तेव्हा त्याने सरळ उत्तर अमेरिकेचा नकाशा घेतला. जिथे शिकागो तिथे ग्रेहॉक आणि जिथे मिलवॉकी तिथे डायव्हर्स नावाचं दुसरं शहर. चार हजार वर्षांचा इतिहास नाही, पंचांग नाही. भूगोलसुद्धा उसना.

नावांची तीच गत. एर्नी म्हणजे अर्नेस्ट. त्या नावातली अक्षरं उलटसुलट करून जादूगार झाला टेन्सर. जिम वॉर्ड नावाच्या खेळाडूने आपलं नाव उलटं वाचलं आणि ड्रॉमिज तयार झाला. गायगॅक्सच्या धाकट्या मुलाला, ल्यूकला, नाव सुचेना. त्याच्या कागदावर ‘पुरुष’ यासाठी एम आणि पुढे जात म्हणून एल्फ लिहिलेलं होतं. ते जोडून त्याने नाव ठेवलं मेल्फ. आज जगभरातले जादूगार ‘मेल्फचा आम्लबाण’ सोडतात आणि टेन्सरच्या तरंगत्या तबकडीवर सामान लादतात, तेव्हा ते एका कुटुंबाच्या तळघरातली घाई पुढे चालवत असतात. मुलांना न उचलता आलेल्या त्या पेटीचं ओझं शेवटी त्या तबकडीने उचललं, अशी मी आपली समजूत करून घेतली आहे.

1974 साली हा खेळ छापून बाजारात आला, तीन पुस्तिका एका खोक्यात घालून, 1,000 प्रती. भांडवलात गायगॅक्सचा मित्र डॉन के याने घातलेले 1,000 डॉलर होते, ते त्याने आपल्या आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून उभे केले होते. म्हणजे राक्षसांच्या या साम्राज्याच्या पायाशी दोन्हीकडून विमाच. 1979 साली गायगॅक्सने डीएमसाठी जाडजूड मार्गदर्शक लिहिला, त्यात जागोजाग तक्ते आहेत. फासा टाका आणि कोणता रोग जडला ते पाहा, कोणतं रत्न सापडलं ते पाहा, दोन औषधं पोटात एकत्र गेल्यावर काय होतं तेही पाहा. विमा कचेरीत काढलेली वर्षं वाया जात नाहीत ती अशी.

सगळेच तळघरातून वर आले असं नाही. काही जण आभाळातून खाली उतरले. ग्रेग स्टॅफर्डने 1966 साली, कॉलेजात असताना, ग्लोरांथा नावाच्या जगाची पुराणं लिहायला घेतली. खेळ नंतर आला. कॅनडातल्या एड ग्रीनवुडने शाळकरी वयातच फरगॉटन रेल्म्स या जगाच्या गोष्टी लिहायला सुरुवात केली होती. पुढे तो ग्रंथालयात नोकरीला लागला, आणि ग्रंथपालाच्या हाती जग सापडल्यावर जे व्हायचं तेच झालं. प्रत्येक गल्ली, प्रत्येक खानावळ, प्रत्येक सरदाराचं घराणं, सगळं नोंदलेलं. 1987 साली ते पेटीबंद होऊन बाजारात आलं आणि अजून संपलेलं नाही. या लोकांबद्दल मला भावकीतलं प्रेम वाटतं. तेही रात्री जागलेले आहेत.

त्यांच्या उलट टोकाला 1977 सालचा ट्रॅव्हलर हा अंतराळातला खेळ. त्यात डीएमने फासे टाकत जायचं आणि ग्रह तयार होतो. आकार, हवा, पाणी, लोकसंख्या, सरकार, कायद्याचा जाच, तंत्रज्ञान, प्रत्येकाला एक अंक किंवा अक्षर. अख्खं जग एका ओळीत. फासे असे पडतात की श्वास घ्यायला हवा नाही, प्यायला पाणी नाही, पण माणसं काही कोटी आणि सरकार कमालीचं कडक. आता हे लोक तिथे का राहतात याचं उत्तर डीएमने शोधायचं. गंमत म्हणजे ते सापडतं. रावसाहेबांना मी हा प्रकार सांगितला तेव्हा ते म्हणाले, “बदली झाली असेल.”

आणि 2002 साली एका कंपनीने नव्या जगासाठी उघड स्पर्धा ठेवली. 11,000 च्या आसपास जगं आली. पहिल्या फेरीची अट होती एका पानाची. जगभरातल्या चार-चार हजार वर्षांचे इतिहास लिहिलेल्या लोकांनी त्या एका पानापुढे कसे हुंदके दिले असतील याची मला पुरेपूर कल्पना आहे. जिंकला कीथ बेकर, आणि त्याचं एबरॉन 2004 साली छापलं गेलं. एका पानात मावलेलं जग पुढे ग्रंथांच्या रांगेत मावेनासं झालं, ही गोष्ट वेगळी.

आता माझ्या नावाड्याकडे येतो.

एका शनिवारी चौघांनी नदी ओलांडून राजधानीला पोचायचं होतं. तिकडे मी राज्याभिषेक मांडून ठेवला होता, विषप्रयोग होता, तोतया होता, आणि दरबारातल्या एका म्हाताऱ्या ज्योतिषाच्या तोंडून अधिक महिन्याच्या युद्धाची हकीकत यायची होती. मधली नदी ही निव्वळ नदी होती. मी म्हणालो, “काठावर एक होडी आहे. म्हातारा नावाडी लंगडत पुढे येतो.” लंगडत हा शब्द मी केवळ वाक्याला तोल यावा म्हणून घातला होता.

“त्याचं नाव काय?” भाच्याच्या मैत्रिणीने विचारलं.

माझ्या वहीत सम्राटाच्या पणजोबांच्या घोड्याचं नाव होतं. नावाड्याचं नव्हतं. माझी नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे कालनिर्णय टांगलेलं होतं.

“कालनिर,” मी म्हणालो आणि उरलेलं गिळलं.

चौघांनी कागदावर नाव लिहून घेतलं. माझ्या तिन्ही राजघराण्यांपैकी एकाचंही नाव आजवर कोणी लिहून घेतलेलं नाही.

“लंगडतो म्हणजे कुठल्या पायाने?” फिजिओथेरपिस्ट बाई.

“डाव्या.”

“गुडघ्यातून की खुब्यातून?”

“गुडघ्यातून असावं.”

“असावं कसं? पाऊल टाकताना गुडघा वाकतोय की ताठ?”

मी उठून, टेबलाला वळसा घालून, एक पाय ताठ ठेवून चालून दाखवलं. बाईंनी निदान केलं आणि खेळातल्या आपल्या वैदूमार्फत त्याला मांडीचे व्यायाम सांगितले. तोवर रावसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं. “या घाटाचा मक्ता कोणाकडे आहे?” त्यांनी विचारलं. “दरसाल लिलाव होतो की वंशपरंपरा? उतारूमागे दर काय? आणि तो दर फलकावर लावलेला आहे का?” भाच्याला होडीत घोडा धरून एकूण किती वजन चालेल ते हवं होतं. आणि त्याच्या मैत्रिणीने, मान तिरकी करून, विचारलं, “पुराच्या दिवसांत होडी बंद असते तेव्हा हा खातो काय?”

“मामा,” भाचा म्हणाला, “त्याच्या गुडघ्याला झालं तरी काय होतं?”

मला जे समोर दिसलं ते मी पकडलं. “अधिक महिन्याच्या युद्धात भाला लागला.”

“कसलं युद्ध?” चौघांनी एका आवाजात विचारलं.

रात्री उशिरापर्यंत मी ते युद्ध सांगत होतो. कोणी मोबाइलकडे पाहिलं नाही. राजधानी नदीपलीकडे तशीच राहिली, तोतयाने मुकुट घातला असेल तर घातला असेल. चार हजार वर्षांचा माझा इतिहास जिथे अडून बसला होता तिथून तो एका गुडघ्याच्या दाराने बाहेर आला. लिहिलेलं सगळं होतं तसंच होतं. फक्त त्यात दुखणारं कोणी नव्हतं, म्हणून विचारणारंही कोणी नव्हतं. वर्ल्डबिल्डिंगबद्दल माझं जे काही मत झालं आहे ते एवढंच. जग तयार करणारा ते मांडतो, पण ते खरं होतं विचारणाऱ्यापाशी. आणि विचारणारा नेहमी खालून, कोपऱ्यातून, उतारूच्या बाजूने विचारतो. सम्राटाची वंशावळ त्याला लागत नाही. त्याला भाडं किती ते कळायला हवं असतं.

भाड्याचा प्रश्न निघाला की हिशेब आला आणि हिशेबाला आधार लागतो. एस. जॉन रॉस या लेखकाने 1993 साली कल्पित गावं वसवणाऱ्यांसाठी एक छोटं टिपण लिहिलं होतं. त्यात युरोपातल्या मध्ययुगाच्या धर्तीवर ठोकताळे आहेत: साधारण 150 माणसांमागे एक जोडे शिवणारा, 250 मागे एक शिंपी, 350 मागे एक न्हावी. गायगॅक्सच्या तळघरापासून इथवर जोड्यांनी या खेळाची पाठ सोडलेली नाही, हे पाहून बरं वाटतं. पण माझं जग दख्खनच्या पठारासारखं. त्याला युरोपातला शिंपी कशाला? मी त्रिंबक नारायण आत्रे यांचं 1915 सालचं ‘गावगाडा’ काढलं. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्ती, पाटील आणि कुलकर्णी, सुतार, लोहार, कुंभार, परीट, आणि खळ्यावर धान्याच्या रूपात मिळणारं बलुतं. नदीपलीकडचं माझं पहिलं गाव त्या आधारावर उभं राहिलं. रावसाहेब त्या गावात शिरले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी ड्रॅगन मारल्यावरही पाहिलेलं नाही.

भाच्याच्या मैत्रिणीने नकाशा आपल्याकडे ओढला. वेशीवर बोट ठेवलं. “वेशीबाहेर कोण राहतं?”

या प्रश्नाला फाशाने उत्तर देता येत नाही. बलुतेदारांची यादी उतरवून घेताना कोण वेशीच्या आत आणि कोण बाहेर हेही तिच्यासोबत येतं. ते पुसून टाकलं तर गाव खोटं. जसंच्या तसं ठेवलं तर तेच कुंपण आपण आपल्या हाताने, हौसेने, शनिवारी संध्याकाळी पुन्हा घातलं. कल्पित जग हे पळून जायचं ठिकाण आहे असं लोक समजतात. पण रचणारा आपलं सगळं सामान बरोबर घेऊनच जातो. खुद्द डी अँड डीमध्ये ऑर्क म्हणजे जन्मजात दुष्ट जमात, असं वर्षानुवर्षं चाललं. मग खेळणाऱ्यांनीच विचारलं की अख्खी जमात जन्मतः वाईट असते म्हणजे काय? 2020 साली प्रकाशकांनी ही वर्णनं बदलत असल्याचं जाहीर केलं. उशीर झाला, पण प्रश्न टेबलावरूनच आला.

आमच्या गावात मी वेशीबाहेरची घरं काढली. चौघांनी ड्रॅगनचं काम बाजूला ठेवलं आणि पाणवठ्याचं धरलं. ते प्रकरण लढाईने सुटलं नाही. रावसाहेबांच्या भुरट्या चोराने रातोरात पाटलाच्या वाड्यातून विहिरीच्या हक्काचा मूळ कागद पळवला, हे मात्र सांगितलं पाहिजे. चोरी करून इतका ताठ मानेने बसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

जग विचारणाऱ्यांसाठी थोडं मोकळं ठेवावं, हे अनेकांना आधीच उमगलेलं आहे. डंजन वर्ल्ड या 2012 सालच्या खेळात डीएमला बजावलेलंच आहे की नकाशात जागा कोऱ्या सोडा. ग्लोरांथाच्या गोतावळ्यात एक मुरलेला समंजस नियम आहे: पुस्तकात काहीही असो, तुमच्या टेबलावरचं ग्लोरांथा तुमचं. मूळ कथा एकच आणि रामायणं अनेक, हे पिढ्यान्‌पिढ्या पचवलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नाही. बेन रॉबिन्सच्या मायक्रोस्कोप या 2011 सालच्या खेळात तर डीएमच नाही. कागदाच्या चिठ्ठ्यांवर युगं लिहून सगळे मिळून इतिहास मांडतात, कोणी मध्येच एक युग घुसवतो, कोणी त्या युगातला एक दिवस उघडून पाहतो. मला तो खेळ आवडतो, पण थोडी भीतीही वाटते. त्यात माझी नोकरी जाते.

म्हणून मी सध्या मधला मार्ग धरला आहे. साम्राज्याचा इतिहास एका पानात बसवला आहे आणि पानाच्या मागे काही नावं लिहून ठेवली आहेत: गवळ्यासाठी, वेशीवरच्या पहारेकऱ्यासाठी, त्याच्या सासूसाठी. त्याचा काही उपयोग होत नाही. परवा त्यांनी शेळीचं नाव विचारलं.

कालनिर आता आमच्या जगातली मोठी असामी आहे. गुडघा सुधारला, घाटाचा मक्ता त्याच्या नावावर झाला, दरांचा फलक लागला. चौघांनी साठवलेलं सोनं ड्रॅगनच्या मोहिमेत न घालता दुसरी होडी बांधण्यात घातलं आहे. राजधानीत तोतया सम्राट निवांत राज्य करतो आहे आणि उत्तरेकडे ड्रॅगन अंडी उबवून बसला आहे. दोघांकडेही जायला कोणाला सवड नाही. गेल्या शनिवारी रावसाहेबांनी विचारलं की नदी दोन परगण्यांच्या सीमेवरून वाहते, तर दुसऱ्या होडीचा परवाना कुठल्या परगण्याने द्यायचा? मी पुढच्या वेळी सांगतो म्हणालो. तेव्हापासून रोज रात्री घरचे झोपल्यावर परवाना खात्याची रचना करतो आहे. अर्जाचा नमुना तयार झाला आहे. तो तीन प्रतींत घ्यावा की चार, यावर अडलो आहे.